डाव्या हातातली मशाल

शकूताईला खुनी पन्नासाव्या पानावर सापडायचा. ही नुसती बढाई नव्हती हो. शहापूरच्या वाचनालयात जाऊन विचारा, चारजण शपथेवर सांगतील. भातसानगरला धरणाच्या ऑफिसात तिनं आयुष्यभर कारकुनी केली, निवृत्त झाल्यावर नवऱ्याबरोबर शहापुरात दोन खोल्यांत राहायला आली आणि मग पुस्तकांवर अशी तुटून पडली की तिचा नवरा सावळाराम आपला चहा आपणच करून प्यायला शिकला.

हल्लीच्या थरारकथांवर तिचा फार राग. राग असूनही एक सोडायची नाही. "मोबाइलची रेंज गेली की समजायचं, लेखकाची अक्कल गेली," ती म्हणायची. "आणि प्रत्येक पोलिसाला बायकोनं टाकलेलंच कशाला लागतं? नांदत्या माणसाला खुनी पकडता येत नाही का?" ऐतिहासिक कादंबऱ्यांचं तर विचारूच नका. "आठशे पानं झाली, अजून एक माणूस भाताची लावणी करताना दिसला नाही. मग हे सैन्य खातं काय, तलवारी? आणि राणी सकाळी उठल्यापासून भाषणच करते. मेली, कधी दात तरी घासेल की नाही?"

हे सगळं ती मोबाइलवर बोलायची. शहापूर-मुरबाडकडच्या वाचकांचा 'पानोपानी' नावाचा एक ग्रुप होता. त्यावर दर रविवारी सकाळी तिचा आवाज यायचा, आणि लोक त्याला 'शकूताईचा निकाल' म्हणायचे. शिक्षक ऐकायचे, कसाऱ्याचे रेल्वेवाले ड्युटीवर जाता जाता ऐकायचे. शहापूरच्या स्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवणारा हर्षित तर दुकानात आलेल्या गिऱ्हाईकांनाही ऐकवायचा. त्यानं पुस्तक एकही वाचलेलं नव्हतं. पण शकूताईचा निकाल त्यानं कधी चुकवला नाही.

खुनी ओळखायचे तिचे तीन नियम सगळ्या ग्रुपला पाठ होते. पहिला, जो सगळ्यांत आधी रडतो त्याच्यावर नजर ठेवा. दुसरा, गोष्टीत जे उलटं किंवा डावं दिसतं ते लेखकानं उगाच घातलेलं नसतं. आणि तिसरा, तिचा लाडका: "सगळं उघडं पडल्यावर जो कळवळून साक्ष द्यायला येतो ना, तो त्यातलाच असतो. डोळे झाकून धरा त्याला." एवढं बोलून ती खळखळून हसायची. ते हसूही लोकांना पाठ झालं होतं.

माघात एक कादंबरी आली आणि ग्रुपवर नुसती धमाल उडाली. 'माळगडची मशाल'. लिहिणारे मुरबाडचे जीवन सर, कॉलेजात शिकवून घरी बसलेले. आणि माळगड म्हणजे कुठला? डोळखांबच्या पुढं, करंजखोर गावाच्या डोक्यावर उभा असलेला. करंजखोर तर शकूताईचं माहेर! आपल्या गावच्या गडावर एवढं जाडजूड पुस्तक निघालं म्हटल्यावर तिला कोण आनंद झाला. जेवण बाजूला ठेवून तिनं ते वाचलं, आणि काय सांगू, तिला ते आवडलंसुद्धा. त्यातली माणसं नाचणीची भाकरी खात होती.

कादंबरीत गड एका रात्रीत पडतो. खालच्या गावातला कुणीतरी मागच्या चोरवाटेवर उभा राहून शत्रूला उजेड दाखवतो. तो कोण, हे सरांनी शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. 'तोंड कुणालाच दिसलं नाही. दिसली ती फक्त डाव्या हातातली मशाल,' असं लिहून त्यांनी प्रकरण मिटवलं होतं.

झालं. ग्रुपवर सगळे शकूताईच्या मागं लागले. ताई, फितूर कोण? ताई, निकाल द्या. ताई, ह्या वेळी अडकलात काय? हे शेवटचं हर्षितनं लिहिलं होतं, आणि ते तिला झोंबलं. ती आणि अडकणार?

रविवारी सकाळी तिनं फोन तोंडापाशी धरला. सावळाराम दारात दाढी करत होता.

"ऐका," ती म्हणाली. "सरांनी नाव लपवलंय, पण खूण सोडलीय. आमच्या करंजखोरला चैत्रात देवीची जत्रा असते. पालखी देवळातून निघते ती गडाच्या पायथ्याच्या शिळेपर्यंत जाते. पालखीपुढं मशाल असते. ती मशाल एकाच घरानं धरायची, पिढ्यान्‌पिढ्या. आणि कशी धरायची? डाव्या हातात! चालायचं कसं? पालखीकडं तोंड करून, उलट्या पावलांनी! आम्ही लहानपणापासून ह्याला मान म्हणत आलो. अहो, डाव्या हाताचा मान कधी कुणी ऐकलाय का? तो मान नाहीच. ती शिक्षा आहे. ज्यानं मशाल दाखवून गड घालवला, त्याच्या वंशानं जन्मभर तीच मशाल घेऊन, गडाकडं पाठ करून, उलटं चालायचं. गाव शिक्षा विसरलं आणि मान लक्षात राहिला. मी नाव घेणार नाही. पण यंदा जत्रेला जा आणि बघा डाव्या हातात मशाल कोण धरतं ते."

बोलून झाल्यावर तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. इतका चोख निकाल तिनं आजवर दिला नव्हता.

"ते धाऊचं घर ना?" सावळारामनं साबणाच्या तोंडानं विचारलं.

"मी नाव घेतलेलं नाही."

"मशाल धरणारं घर एकच हाय शकू. नाव कशाला घ्यायला पायजे?"

"पुस्तकातलं बोलतेय मी. तुम्ही दाढी करा."

तिनं पाठवून दिलं. दुपारपर्यंत अंगठ्यांचा, फुलांचा नुसता पाऊस. संध्याकाळी हर्षितनं तिच्या आवाजाला गडाचे फोटो आणि मागं ढोल जोडून व्हिडिओ केला. तो 'पानोपानी'तून बाहेर पडला आणि कुठल्या कुठं गेला. किन्हवलीहून फोन आला, मुरबाडहून आला, कल्याणला असलेल्या भाच्याचा, प्रणयचा आला, "आत्या, तू तर फेमस झालीस!" आठवडाभर शकूताई हवेत होती. खोटं कशाला बोला.

फाल्गुन संपता संपता एका सकाळी दारात भागीरथी उभी राहिली. भागीरथी म्हणजे धाऊची बायको. शकूच्या माहेरची आणि धाऊच्या घराची भिंत एक. भागीरथी लग्न होऊन आली तेव्हा शकू परकरात होती, आणि पहिली मैत्रीण म्हणून भागीरथीनं तिलाच धरली होती. एरवी आली की आधी पिशवीतून करवंदं नाहीतर वालाच्या शेंगा निघायच्या. आज हातात पिशवीच नव्हती.

"शके, तू काय बोललीस गो फोनवर?"

"पुस्तकाबद्दल बोलले वहिनी. एक कादंबरी—"

"आमच्या घराचं नाव घेतलंस?"

"नाही! देवाशपथ नाही."

"मग लोक आमच्याच दारात कशी येतात?" भागीरथी खाली बसली. पाणी दिलं ते तिनं बाजूला ठेवलं. आणि मग आवाज न चढवता, एकेक करून सांगायला लागली. पिठाच्या गिरणीवर बाया बोलायच्या थांबतात. गावात राब भाजायचे दिवस आले. शेतात पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं, तर आज तुमच्या शेतात सगळे, उद्या आमच्या, अशी सावड पहिल्यापासून चालत आलेली. ह्यांच्या शेतात कुणी आलं नाही. सून अनिता विहिरीवर गेली तर एका पोरीनं तिला विचारलं, तुमी गड कितीला विकला गो?

"पोरं काय, चेष्टा करतात," शकूताई म्हणाली.

"परवा आमची पेंढ्याची गंजी पेटली. भर दुपारची. कोण बोलतो बिडी पडली, कोण बोलतो ऊन. गंजीच्या बाजूला मातीत एक काठी रोवलेली होती, तेलाचं फडकं गुंडाळून. मशालीसारखी. बिडी ओढणारा काठी रोवून जातो काय गो?"

सावळाराम आतून बाहेर आला आणि उभाच राहिला.

"यंदा मशाल आदेश धरणार हाय," भागीरथी म्हणाली. आदेश तिचा नातू, आयटीआय करून नुकताच वासिंदला कंपनीत लागलेला. "यांचा गुडघा गेला. मी पोराला बोलले, यंदा नको रे बाबा, ऱ्हाऊ दे. तर तो बोलतो, आजी, आज मशाल सोडली तर ते सगळं खरंच होतं ना? मग आपल्याला गावात उभं कोण करंल? तो धरणार शके. त्याला काय झालं तर मी काय करू? तू बोललीस, तूच परत घे."

"घेते," शकूताई म्हणाली. "वहिनी, मी सरांकडूनच लिहून आणते. ते सांगतील ना, ही गोष्ट आहे म्हणून."

मुरबाडची एसटी धरून ती जीवन सरांकडे गेली. सरांनी कौतुकानं आत बोलावलं. ओटीवर पुस्तकांचे नवेकोरे गठ्ठे लागलेले, दुसऱ्या आवृत्तीचे. "तुमच्यामुळंच हो, ताई! असा वाचक मिळायला भाग्य लागतं," असं म्हणून ते स्वतः पाणी घेऊन आले.

"सर, डावा हात तुम्ही कुठल्या कागदातून काढलात?"

"कागद कसला?" सर हसले. "लहानपणी वडिलांबरोबर तुमच्या करंजखोरच्या जत्रेला आलो होतो. संध्याकाळची वेळ, तो उलटा चालणारा माणूस, डाव्या हातात मशाल. ते चित्र डोळ्यांतून गेलंच नाही. लिहिताना घालून टाकलं. गड कसा पडला हे तर कुणालाच माहीत नाही. ते सगळं माझं."

म्हणजे ह्यांनी जत्रा बघून पुस्तक लिहिलं, आणि ते पुस्तक वाचून आपण जत्रेवर गुन्हा शाबीत केला! आयुष्यात इतका ढोबळ घोटाळा तिनं भिकारातल्या भिकार लेखकालाही माफ केला नसता.

"आणि त्याच्या उजव्या हातात काय होतं, आठवतं?"

"उजव्या? नाही बुवा."

तिला मात्र आता आठवलं. आठवलं म्हणजे काय, नाकाशी वासच आला. तेलाची बुधली. मशाल विझू नये म्हणून चालता चालता तिच्यावर तेल घालत राहायचं असतं. तेल घालायचं ते उजव्या हातानं, नाहीतर सांडतं, भडका उडतो, हात भाजतो. म्हणून मशाल डावीकडं. एवढंच. आणि उलटं चालायचं ते देवीकडं पाठ करायची नाही म्हणून. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. ती स्वतः भावाच्या खांद्यावर बसून तो तेलाचा वास घेत ह्या पालखीबरोबर गेलेली. आणि निकाल देताना ती बुधली तिला दिसली नाही, कारण बुधली दिसली असती तर निकाल राहिला नसता.

"सर, जत्रेच्या आधी एवढं लिहून द्या. चार ओळी. की हे कल्पित आहे."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. "ताई, परवा इथं काही मुलं आली होती. हार घालून गेली मला. खरा इतिहास बाहेर काढलात म्हणाली. आता मीच सांगू का, तो मी बनवला? मग ती मुलं कुठं जातील? माझ्याकडंच येतील ना? आणि मी तर कुणाचंच नाव घेतलेलं नाही. वाचकानं काय अर्थ काढावा हे लेखकाच्या हातात असतं का?"

"वाचक मी आहे सर. मीच म्हणतेय, मी चुकले."

"मग तुम्ही सांगा ना," सर म्हणाले आणि पाण्याचा पेला उचलून आत गेले.

तिनं सांगितलं. त्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, नीट विचार करून, बुधलीपासून सगळं समजावून तिनं ग्रुपवर पाठवलं. रविवार नव्हता तरी पाठवलं. एक अंगठा आला, तो सावळारामचा. मग हळूहळू उत्तरं यायला लागली. ताई, कोणी धमकावलं का? ताई, तुम्ही घाबरू नका, आम्ही आहोत. हर्षितनं लिहिलं, 'प्रेशर असेल तर फक्त हो लिहा.' आणि मग एकानं लिहिलं की त्याचे आजोबा हेच सांगायचे, डाव्या मशालीवाल्यांच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणून. लगेच दुसऱ्याच्या आजीनंही तेच सांगितलेलं निघालं. संध्याकाळपर्यंत दोन तालुक्यांतले सगळे मेलेले आजोबा साक्षीला उभे राहिले होते.

खोट्या साक्षी शकूताईला ओळखता यायच्या. त्या पुस्तकात असायच्या तेव्हा तिला फार मजा वाटायची.

मग प्रणयचा फोन आला. त्या जत्रेत शकूताईच्या माहेरचंही एक काम असायचं. उलट्या चालणाऱ्याला मागचं दिसत नाही. म्हणून त्याच्या कमरेला बांधलेल्या शेल्याचं टोक धरून शेजारघरचा माणूस वाटेकडं तोंड करून चालायचा आणि पावलागणिक सांगायचा, "वाट हाय." तो बोलला तरच मशालवाल्यानं पाऊल टाकायचं. त्याला पाठराखा म्हणत. तिचा भाऊ होता तोवर भाऊ, आणि तो गेल्यापासून भाचा प्रणय.

"आत्या, यंदा मला जमणार नाय. सुट्टी नाय."

"जत्रा शनिवारी आहे. तुला शनिवारी सुट्टीच असते."

"आत्या, समजून घे ना," प्रणय म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

जत्रेच्या दिवशी सावळाराम तिला म्हणाला, "जाऊ नकोस. तुझं कोण ऐकणार नाय, वर तुलाच धरतील." ती गेली. बिचारा मग तोही छत्रीची काठी घेऊन तिच्याबरोबर निघाला.

करंजखोरला जिलेबी तळली जात होती, पोरांच्या पिपाण्या वाजत होत्या, सगळं नेहमीसारखं होतं. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. गर्दी एरवीच्या दुप्पट होती आणि निम्मी तोंडं ओळखीची नव्हती. मोटरसायकली पार नदीपर्यंत लागलेल्या. देवळाच्या पायरीवर एका बाजूला धाऊ बसला होता, गुडघ्याला फडकं बांधून. त्याच्या शेजारी भागीरथी, सून अनिता आणि पांढऱ्या कपड्यांत आदेश. त्यांच्या भोवती बरीचशी जागा मोकळी होती. एवढ्या गर्दीत तिथं कुणी उभं राहत नव्हतं.

शकूताई सरळ गेली ती गोजरभाऊंकडे. गोजर म्हणजे जत्रेच्या कमिटीचा मुख्य, तिच्याच वर्गातला. त्याच्या हातातून तिनं माइक घेतला. घेतला म्हणजे हिसकावलाच.

"मी शकू. ह्याच गावची. तुम्ही फोनवर ऐकलंत ते मी बोलले होते, आणि ते साफ खोटं आहे. मशाल डाव्या हातात असते कारण उजव्या हातात तेलाची बुधली असते. बघा समोर! ती कादंबरी मनानं लिहिलेली आहे, लिहिणाऱ्यानं मला स्वतः सांगितलं. धाऊदादाच्या घरानं कुणाचं काही वाईट केलेलं नाही. चूक माझी आहे. मी हात जोडते."

क्षणभर पिपाण्यासुद्धा थांबल्या. तिला वाटलं, झालं, ऐकलं. तेवढ्यात गर्दीतून तिचाच आवाज आला. हर्षितनं फोन डोक्यावर धरला होता, आणि बाजूच्या पोरानं त्याला स्पीकर लावला होता.

"सगळं उघडं पडल्यावर जो कळवळून साक्ष द्यायला येतो ना, तो त्यातलाच असतो. डोळे झाकून धरा त्याला." आणि मागून ते खळखळतं हसू.

हसायला आधी पोरं लागली, मग सगळे लागले. आणि मग अचानक कुणीच हसेना. गोजरनं हळूच तिच्या हातातून माइक काढून घेतला. तो रागावलेला नव्हता. "शकू," तो म्हणाला, "तुझं माहेर आन धाऊचं घर, भिंत एकच हाय. तू नाय बोलणार तर कोण बोलणार? जा, बाजूला हो." हे तो माइकमध्येच बोलला.

ढोल सुरू झाला. सूर्य गडाच्या मागं गेला होता. धाऊनं मशाल पेटवली, नातवाच्या डाव्या हातात दिली आणि उजव्या हातात बुधली. पालखी उठली. आदेश तिच्याकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्या कमरेच्या शेल्याचं टोक मागं तसंच लोंबत होतं. भागीरथीनं सगळीकडं बघितलं. एकही माणूस पुढं आला नाही.

शकूताईनं पदर खोचला आणि शेल्याचं टोक हातात घेतलं. "बाईमाणूस?" कुणीतरी म्हणालं. "माझ्या माहेरचं काम आहे," ती म्हणाली. "मी करणार."

"मावशी, सोडू नको हां," आदेश मान न वळवता म्हणाला.

"नाही सोडत. चल. वाट हाय."

ते निघाले. ती पुढं बघत, तो मागं बघत, मधे शेला. वाट हाय. वाट हाय. देवळाची फरसबंदी संपली, शाळेची भिंत गेली. दोन्ही बाजूंना माणसं होती, पण नेहमीसारखं कुणी मशालीला हात जोडत नव्हतं, फक्त फोन धरून उभी होती. सावळाराम बाजूबाजूनं चालत होता, तो गर्दीत मागं पडला. तेलाचा वास येत होता. आदेशचं पाऊल अगदी बापजाद्यांसारखं पडत होतं आणि तिच्या मनात आलं, होईल, पार पडेल, शिळा आता लांब नाही.

चिंचेच्या वळणावर तिनं बघितलं तर वाट बंद होती.

पुढं माणसं उभी होती, वाटेच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. आवाज नाही, गडबड नाही. सगळ्यांचे हात पाठीमागं. रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीचा ढीग तिथंच होता आणि तो एका बाजूनं उकरलेला होता. निम्मे चेहरे तिच्या ओळखीचे. एकाला तिनं त्याच्या लहानपणी पाटी-पेन्सिल आणून दिली होती. तो तिच्याकडं बघून हसलासुद्धा, घरच्यासारखा.

ती थांबली. शेला सैल पडला तसा आदेशही एक पाय उचलून थांबला.

"मावशी? वाट हाय ना?"

गोष्ट कुठं चालली आहे हे तिला आधीच कळायचं ना? आताही कळलं, दोन्ही बाजूंनी कळलं. हो म्हटलं की हा पोरगा तिच्या शब्दावर पाठमोरा त्या दगडांत जाणार, हातात आग आणि तेल घेऊन. आणि नाही म्हटलं की मशाल थांबली. इतक्या वर्षांत ती कधी वाटेत थांबली नव्हती. देवीनंच अडवली, म्हणतील. म्हणजे शकूताई जे बोलली होती ते सगळं खरं. मग ह्या घरानं गावात राहायचं कसं? तिनं मागं बघितलं. लांब पायरीवरून भागीरथी उठून उभी राहिली होती.

"मावशी, बोल ना गो."

"वाट नाय, आदेश," ती म्हणाली. "वाट नाय रे बाळा. खाली ठेव मशाल."

ढोल बंद पडला. पालखी डोलून जागच्या जागी उभी राहिली. मागून लाट आल्यासारखी कुजबुज आली: थांबली. मशाल थांबली. तिनंच थांबवली, शकूनं! आदेशनं काही क्षण मशाल धरून ठेवली. मग त्याचे खांदे पडले आणि तो गुडघ्यावर बसला.

गोजरचा पुतण्या गर्दीतून पुढं आला, जणू बोलावून ठेवल्यासारखा. त्यानं आदेशच्या हातातून मशाल घेतली. आधी ती उजव्या हातात धरली, बुधली डाव्यात. तेल घालायला गेला तर ते मनगटावर सांडलं आणि ज्योत भपकन वर आली. "अरे तिच्या!" असं म्हणून त्यानं पटकन हात बदलले. मशाल डावीकडं गेली, बुधली उजवीकडं. आणि पालखीकडं तोंड करून, उलट्या पावलांनी, तो चालायला लागला.

"बघा!" शकूताई ओरडली. "अरे बघा, डाव्या हातात! त्यानंही डाव्याच हातात धरली! बघा ना कुणीतरी!"

ढोल पुन्हा सुरू झाला होता. कुणालाही ऐकू गेलं नाही. वळणावरची माणसं दोन्ही कडांना सरकली, त्यांचे हात पाठीमागून पुढं आले, मोकळे, आणि मशालीला जोडले गेले. नवा पाठराखा दणदणीत आवाजात सांगत होता, "वाट हाय, वाट हाय!"

आदेश उठला. तेव्हा कुठं त्यानं पहिल्यांदा वळून बघितलं. समोर हात जोडून उभी असलेली दोन रांगांतली माणसं होती, मधून गडाच्या पायथ्यापर्यंत गेलेला स्वच्छ रस्ता होता, आणि खडी आपल्या ढिगावर होती.

"मावशी," तो म्हणाला, "वाट तर मोकळीच हाय."

शकूताईनं बोलायला तोंड उघडलं. समोर हर्षित उभा होता, फोन तिच्या तोंडाशी धरून, निकाल ऐकायला.